पाऊस कोण मोजतं, हे मी जाहीर केलं

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे आभार कसे मानावेत, हे मला अजून जमलेलं नाही. तोंडावर मानायला गेलं की त्या म्हणतात, "ते ऱ्हाऊ द्या भाऊ, कुकर उतरवायचाय." म्हणून गेल्या पावसाळ्यात जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो. क्रम आणि आकडे मला जमतात. चूकही त्यातूनच झाली होती.

मी नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर सुट्या भागांची मापं घ्यायची आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात फरक आला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. अशा माणसाला लोणावळ्यात राहून "काल लई झोडपलं" एवढ्यावर भागवता येत नाही. किती झोडपलं? अकरा वर्षांपूर्वी मी घरामागे पर्जन्यमापक बसवला. वर नरसाळं, आत बाटली, आणि बाटलीतलं पाणी ओतून मोजायला रेघा आखलेलं काचेचं मोजपात्र. सोबत एक वही: तारीख, वेळ, मिलिमीटर आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. नरसाळ्यात पान अडकलं, मोजताना थोडं पाणी सांडलं, असं जे काही वेगळं घडेल ते शेऱ्यात लिहायचं. ते महत्त्वाचं आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही, नुसतं लिहायचं.

पावसाची नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते. मी सव्वासहाला घर सोडायचो. पत्नी कामशेतच्या पुढे एका शाळेत शिकवते. तिची शाळा सकाळची, म्हणून ती पावणेसातला निघायची. मुलीची शाळा दुपारी बाराची. त्यामुळे साडेआठची नोंद आपोआप मुलीकडे गेली. मावशी नऊला यायच्या. या सगळ्या वेळा आता बदलल्या आहेत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

मुलगी हे काम माझ्याहून नीट करायची. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याच्या कडेची नव्हे तर मधली खोलगट पातळी वाचायची, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मावशींना मात्र या उद्योगाचं हसू यायचं. "मोजून कमी व्हतोय व्हय, भाऊ?" असं त्या दर पावसाळ्यात एकदा तरी विचारत. एकदा मी त्यांना दोनशे चौदा मिलिमीटर म्हणजे काय ते पायाच्या नडगीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हां. येवढं तर आमच्या खाचरात रोजच आस्तं."

दोन वर्षांपूर्वी मी या नोंदींसाठी इंटरनेटवर एक पान उघडलं. ते कुणालाही पाहता येत होतं. रोज संध्याकाळी घरी आलो की वहीतला आकडा त्यावर चढवायचो, आणि अधूनमधून सोबत गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या सकाळी, काढलेला फोटो. नुसत्या नरसाळ्याचा फोटो कोण बघणार, म्हणून मोजपात्र हातात धरलेली मुलगी. काही फोटोंत शाळेच्या गणवेशात, कारण ती आधीच तयार होऊन बसलेली असायची.

सगळ्यात वर मी नोंदीच्या पद्धतीविषयी निवेदन लिहिलं होतं. कुठलंही माप कुणी, कुठे, कधी, कशाने घेतलं हे सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही, असं आमच्या विभागात मी नव्या मुलांना शिकवतो. म्हणून लिहिलं: नोंद रोज सकाळी ठीक साडेआठला माझी मुलगी घेते, कारण मी व पत्नी सातच्या आत कामावर जातो. लोणावळ्यात दोन किलोमीटरवर पाऊस बदलतो, म्हणून जागेचे अक्षांश-रेखांश दिले, दशांश चिन्हापुढे पाच आकडे. त्या निवेदनात एकही चूक नव्हती. कुणी शोधायला निघाला असता तर थेट आमच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाजवळ पोचला असता. त्या वेळी घरात कोण असेल आणि कोण नसेल, तेही त्याला आधीच कळलेलं असतं. हे लिहून झाल्यावर मी चहा घेतला होता आणि मला फार बरं वाटलं होतं.

पानावर येणारे बहुतेक लोक "वा, छान" लिहून जात. मागच्या जुलैत एक गृहस्थ आले, ते असे नव्हते. निवृत्त आहोत, पुण्यात राहतो, आपणही पाऊस मोजतो असं त्यांनी कळवलं. प्रोफाइलवर माणसाचा चेहरा नव्हता, ढगात बुडालेला एक डोंगर होता. त्यांनी विचारलं, नरसाळ्याचा व्यास किती? जमिनीपासून उंची किती? एकदा मी घाईत आकडा उलटा टाकला होता, तो त्यांनी दाखवून दिला. माझ्या दशांशानंतरच्या आकड्याची दखल आयुष्यात पहिल्यांदाच कुणी घेतली होती. पत्नीला मी म्हणालो, "बघ, जाणकार माणूस आहे." ती वह्या तपासत होती. तिने विचारलं, कोण आहे? मी म्हणालो, पाऊस मोजतात. तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आठवड्याभराने त्यांनी लिहिलं की संध्याकाळपर्यंत आकड्याची वाट पाहावी लागते. मुलीने नऊच्या आत थेट त्यांना कळवला तर त्यांच्या नोंदीशी पडताळता येईल, तुमचाही त्रास वाचेल. मला हे पटलं. घरात एक जादाचा मोबाइल असतो, त्याचा नंबर मी माझ्या हाताने त्यांना दिला. मुलीला सांगितलं, काकांना रोज आकडा पाठवत जा.

पुढचे एकोणीस दिवस काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पहिले तीन दिवस फक्त आकडे. मग शाबासकी: एवढ्या लहान वयात इतकी शिस्त. मग तिच्या आवडीनिवडी, मैत्रिणी. घरी एकटी असतेस तर भीती नाही का वाटत? मावशी किती वाजता येतात? मग फोटो हवा, पण मोजपात्राचा नको, तुझा. तिने मोजपात्राचाच पाठवला, त्यात तिची तीन बोटं आली होती. मग त्याने सांगितलं की तुझ्या बाबांसाठी मी एक डिजिटल यंत्र घेतलंय, पाऊस, वारा, तापमान सगळं आपोआप नोंदणारं. बाबांना सरप्राइज द्यायचं. शनिवारी सकाळी साडेसातला लोणावळ्यात येतो, मावशी यायच्या आत बसवून टाकू. आईबाबांना बोललीस तर मजा जाईल.

त्या यंत्राच्या जाहिराती मी वर्षभर घरात सगळ्यांना दाखवत होतो. मुलीला माझा चेहरा कसा होईल ते दिसत असणार.

शेवटच्या मेसेजमध्ये त्याने आणखी एक काम सांगितलं होतं: शनिवारी मावशींना जरा उशिरा यायला सांग. बुधवारी मावशी आल्यावर तिने ते काम केलं. म्हणाली, "मावशी, शनिवारी तुम्ही दहाला याल का?"

मावशी कणीक मळत होत्या. "का गं?"

"असंच."

"असंच म्हनून कुनी उशिरा ये म्हनत न्हाई, पोरी. लवकर ये म्हनत्यात."

मावशींनी हात धुतले, गॅस बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसल्या. काही रागावल्या नाहीत की शपथा घातल्या नाहीत. एवढंच विचारलं की शनिवारी कोण येतंय. मुलीने सांगितलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी तिला सगळे मेसेज पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लावले. मुलगी म्हणते, मनात वाचताना ते ठीक वाटायचे, मोठ्याने वाचताना नाही वाटले. मध्येच एका ठिकाणी मावशींनी तिला थांबवलं.

"पाऊस बगाया येनाऱ्याला घरात कोन हाय ते कशाला पायजे?"

वाचून झाल्यावर त्यांनी मोबाइल घेतला आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत खोल ठेवून झाकण लावलं. पत्नीला फोन केला, पण वर्गात असताना तिचा फोन बंद असतो. त्यांनी त्या दिवशी मुलीला शाळेत पाठवलं नाही, स्वतःची पुढची दोन घरं सोडली आणि पत्नी दुपारी सव्वा वाजता येईपर्यंत दाराला आतून कडी लावून मुलीसोबत बसून राहिल्या. दोघींनी मिळून अडीच किलो वाल सोलले. एवढ्या वालांचं आमच्याकडे काही काम नव्हतं.

मी सहाला घरी आलो तेव्हा तिघी स्वयंपाकघरात होत्या. मावशी त्या वेळेला आमच्याकडे कधी नसत. चप्पल काढायच्या आतच त्या म्हणाल्या, "भाऊ, आदी बसा. आनि पोरीला काय बोलायचं न्हाई."

पत्नीने सांगितलं ते मी ऐकलं. अशा वेळी माणसं काय विचारतात माहीत नाही, मी विचारलं, "किती दिवस?"

"एकोणीस," मुलगी म्हणाली.

"किती मेसेज?"

"त्याचे एकशे बेचाळीस. माझे एकतीस."

हे तिला कसं माहीत, असं मी विचारल्यावर तिने पावसाची वही आणून समोर ठेवली. चौथ्या दिवसापासून शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'काकांचे मेसेज ६.' 'मेसेज ११. घरी कोण असतं विचारलं.' 'फोटो मागितला, हाताचा दिला.' त्याच ओळींतला मिलिमीटरचा आकडा मी रोज संध्याकाळी उतरवून घेत होतो. शेऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिने तिच्या बाजूने रोज सांगितलं होतं.

तरीही माझ्या तोंडून निघालंच, "पण तू मला का नाही सांगितलंस?"

मुलीच्या आधी मावशी बोलल्या. "नंबर कुनी दिला व्हता? तुमीच ना? मंग तिला काय इचारता?"

पत्नीने मान खाली घातली. मला वाटतं ती हसू दाबत होती आणि रडूही. मुलीने मग हळूच विचारलं, आता नोंद बंद करणार का? तिला त्याचीच भीती होती. मध्ये तिला दोनदा विचित्र वाटलं होतं, पण सांगितलं तर बाबा पान बंद करतील, पर्जन्यमापक काढतील आणि ते आपल्यामुळे होईल, म्हणून ती गप्प राहिली होती. मी बंद करणार नाही म्हणालो. हे मी लगेच म्हणालो याचं मला आजही समाधान आहे, कारण त्या घटकेला माझा पहिला विचार खरोखर सगळं बंद करण्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्या कारखान्याची सुट्टी. आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या महिला हवालदारांनी मुलीला आपल्या शेजारी खुर्ची दिली, तिच्याकडूनच सगळं ऐकलं आणि मध्ये एकदाही "मग तू उत्तर का दिलंस" असं विचारलं नाही. मग माझं निवेदन त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो."

"चांगलं लिहिलंय. त्याला काही विचारायचं राहिलंच नाही."

मी रात्रीच सगळं पुसून टाकणार होतो, पण पत्नीने थांबवलं होतं. ते बरं झालं असं हवालदार म्हणाल्या: आधी स्क्रीनशॉट, तक्रार, मग पुसणं. त्याला उत्तर द्यायचं नाही, दमही द्यायचा नाही. वहीतल्या शेऱ्यांच्या पानांचे त्यांनी फोटो काढून घेतले आणि मुलीला म्हणाल्या की तारीखवार असं लिहून आणणारी मोठी माणसंसुद्धा त्यांना क्वचित भेटतात.

शनिवारी आम्ही दोघांनी रजा घेतली. मावशी साडेसहालाच हजर झाल्या आणि दाराशी पाट टाकून बसल्या. पावसाळ्यातला शनिवार, त्यामुळे भुशी डॅमकडे जाणाऱ्या गाड्या वाट चुकून आमच्या गल्लीत शिरतात. सात ते नऊ या वेळात मी सेहेचाळीस गाड्या मोजल्या. त्यातली एक आमच्या फाटकापाशी हळू झाली आणि पुढे गेली. तो होता की बंगला शोधणारे पर्यटक होते, हे मला माहीत नाही, म्हणून मी काही ठरवत नाही. साध्या कपड्यातला एक पोलीस दुचाकीवरून दोनदा येऊन गेला. साडेआठला मुलगी मागे गेली, तिच्या मागोमाग मावशी गेल्या, आणि नोंद झाली: सत्त्याण्णव मिलिमीटर. रविवारी तो डोंगर आणि ते ढग इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. तपास कुठवर गेला ते दोनदा जाऊन विचारलं. खातं दुसऱ्याच्या नावाने होतं एवढं कळलं.

त्यानंतर मी बसून मोजलं. दोन पावसाळ्यांत मी पानावर दोनशे छत्तीस नोंदी टाकल्या होत्या. अठ्ठावन्न फोटोंत मुलगी होती, एकवीसमध्ये गणवेश, चार फोटोंत मागे फाटकावरचा घराचा नंबर. त्या माणसाने आमच्या घरातून काहीही चोरलेलं नव्हतं. मुलगी एकटी असते हे गल्लीतल्या कोणत्याही माणसाला मी सांगितलं नसतं. इंटरनेटवर ते मी पद्धत म्हणून सांगितलं होतं.

फोटो आणि निवेदन आता नाहीत. आठवड्याचे आकडे एकत्र, पुढच्या आठवड्यात टाकतो, आणि गावाचं नाव एवढंच लिहितो. एकाही वाचकाने तक्रार केलेली नाही.

मावशींचं माहेर आंदर मावळात आहे. त्यांच्या लहानपणी वाडीच्या खाली रस्त्यावर दिवसातून दोनदा एसटी यायची. अनोळखी माणूस उतरून वर आला की पहिल्याच घराशी त्याला विचारलं जायचं: कुणाकडं, कशाला, परत कवा. त्यात उद्धटपणा नाही. उत्तरं मिळाली की पाणी मिळतं, वाटही दाखवतात. "पावन्याला आदी आमी इचारनार," त्या म्हणाल्या, "त्यो आमालाच इचारत सुटला, तर त्याला पानी बी न्हाई." मी हे पत्नीला सांगितलं, तिने शाळेतल्या पालकसभेत सांगितलं. त्या सभेत आधी पासवर्ड आणि सेटिंग यांवर अर्धा तास बोलणं झालं होतं, ते गरजेचंच होतं, पण घरी जाताना लोक वाडीबद्दल बोलत होते.

मावशी आता सातलाच येतात. आम्ही सांगितलं नव्हतं; सोमवारी त्या आल्या आणि येतच राहिल्या. दुसऱ्या घरांच्या वेळा त्यांनी कशा जुळवल्या, ते त्या सांगत नाहीत. पत्नीनेही पुढच्या सत्रात दुपारची तुकडी मागून घेतली. मी रोज संध्याकाळी वही शेऱ्यापासून वाचायला सुरुवात करतो. तिथे आता बहुतेक पानं आणि किडे असतात, एकदा सरडा होता.

हा मजकूर मी आधी मुलीला वाचायला दिला. तिच्याविषयी काही बाहेर जाणार असेल तर आधी ती पाहते, असं आम्ही ठरवलंय. तिने पेन्सिल घेतली आणि पाच ठिकाणं खोडली. नाव मी लिहिलंच नव्हतं. वय, इयत्ता आणि आणखी दोन तपशील गेले. पाचवं होतं माझं एक वाक्य, की ती फार शूर आहे. ते का खोडलंस, मी विचारलं.

"कारण खरं नाही. मला ते यंत्र हवं होतं. मावशी दहाला येते म्हणाल्या असत्या, तर शनिवारी मी दार उघडलं असतं. ते लिहा."

बापाला हे सांगणं सोपं नाही, आणि एकोणीस दिवस तिला ते सांगता आलं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं, एक काना राहिला होता तो दिला, आणि कागद परत माझ्याकडे दिला.